'ज्यांना हौस आहे त्यांनी क्लास लावावा' म्हणणाऱ्यांसाठी

वस्तुचित्र
काल शाळांच्या खर्चावरच्या चर्चेत गणितमास्तर एक वाक्य टाकून निघून गेले. "चित्रकला-संगीताचे शिक्षक ही शाळेची चैन आहे. संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) ती पदं गेली तर रडायचं काय? ज्यांना हौस आहे त्यांनी बाहेर क्लास लावावा." तिथेच उत्तर देणार होतो, पण तिथे शिपायांच्या पदांवरून जुंपली होती. म्हणून हा वेगळा धागा.

हौस. बरं. मी पाचवीत होतो तेव्हा आमच्या घरात हौस म्हणजे दिवाळीचे फटाके. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. ड्रॉइंगच्या सरांनी एक दिवस टेबलावर तांब्या, कांदा आणि एक चुरगळलेला टॉवेल ठेवला. म्हणाले, तांब्या कोणीही काढतो, मला टॉवेल काढून दाखवा. त्या चुण्यांशी मी दोन तासिका झटलो आणि घंटा झालेली मला ऐकूच आली नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही सरकारी ग्रेड परीक्षा तिथूनच दिल्या. कागद शाळेचा, रंग सरांचे. आज वेष्टनांची डिझाइनं करून घर चालवतो. क्लास लावायला आधी आपल्या पोराला काय येतं हे घरच्यांना कळलेलं असावं लागतं. माझ्या घरी ते कोणाला कळणार होतं?

आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा, २००९, त्याचं परिशिष्ट. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना 'अंशकालीन' निदेशक. आम्ही टाळ्या वाजवल्या, कायद्यात कला आली म्हणून. आली ती अंशकालीन होऊन, आणि पट शंभराच्या खाली घसरला की तेवढीही नाही. पूर्णवेळ सर निवृत्त झाले की जागा भरायची नाही, तासिकेवर कोणीतरी बघायचं. तिकडे २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय की कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर असा कडक भेद नको. लिहायला काय जातं!

गणितमास्तर
"रडायचं काय" असं मी लिहिलं नव्हतं. "गळा काढायचं कारण नाही" असं लिहिलं होतं. बाकी मजकूर माझाच, मागे घेत नाही.

माझ्या आठवीच्या वर्गात ५२ मुलं आहेत. त्यातल्या अठरा जणांना हातच्याची वजाबाकी येत नाही. असर या शैक्षणिक पाहणीचा २०२२चा अहवाल बघा, देशभरच्या ग्रामीण भागात आठवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं नाही. शाळेला एकच पद मिळणार असेल तर मी कोणतं मागू? टॉवेलवाल्यांचं?

आणि खरं बोलू का? आमच्या शाळेत चित्रकलेचे सर होते तेव्हा ते काय करायचे? साहेब तपासणीला आले की फलकलेखन. स्नेहसंमेलनाचा पडदा. प्रमाणपत्रांवर नावं, कारण अक्षर चांगलं. मतदार याद्या. त्यांचा तास बहुतेकदा मोकळाच असायचा, मीच तो भागाकारासाठी मागून घ्यायचो. ते आनंदाने द्यायचे.

तासिकेवरचा
आनंदाने? मास्तर, तुम्ही कायम आहात म्हणून तुम्हाला तो आनंद दिसला.

मी एटीडी, म्हणजे कलाशिक्षक पदविका झालेला. तीन शाळांत तासिकेवर जातो, मानधन येईल तेव्हा येतं. जूनमध्ये परत बोलावतील की नाही हे मुख्याध्यापक ठरवतात आणि मुख्याध्यापकांच्या शेजारी तुम्ही बसता. तुम्ही दारात येऊन "सर, जरा पोर्शन राहिलाय" म्हणालात की मी डस्टर खाली ठेवतो. मुलं "अरेरे" करतात, ते तुम्हाला ऐकू येतं की नाही माहीत नाही. मागच्या वर्षी एका वर्गाचे माझे आठवड्याला दोन तास होते. सप्टेंबरात ग्रेड परीक्षा, आणि गणपतीपासून एकही तास माझा मला मिळाला नाही. मुलांना भूमितीची रचना मधल्या सुट्टीत जिन्यावर बसून शिकवली. हो, भूमिती. चित्रकलेतही असते.

तिरकस
कलाप्रेमाचा सरकारी दर ठरलेलाच आहे. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीत ७ गुण, बीला ५, सीला ३. उद्या हे गुण काढा आणि त्या परीक्षेला किती पोरं बसतात ते बघू. मग कळेल टॉवेल कोणाला काढायचा होता.

वस्तुचित्र
@तिरकस, गुणांसाठी बसलेल्यातलाच एखादा पुढे अडकतो. गणितात तरी कोण प्रेमापोटी बसतं?

सातवीतली आई
मी फक्त आमच्या शाळेचं सांगते. संगीताच्या बाई होत्या तेव्हा परिपाठाला मुलं पेटीवर प्रार्थना म्हणायची. बेसूर असायची, पण मोठ्याने म्हणायची. बाई निवृत्त झाल्या, जागा भरली नाही. आता माइकसमोर मोबाईल धरतात, गाणं त्यावर वाजतं आणि साडेतीनशे मुलं नुसते ओठ हलवतात. पेटी कपाटात आहे, उंदरांनी भाता खाल्लाय. पालकसभेत विषय काढला तर सर म्हणाले, वेतनेतर अनुदानातून खडू आणि वीजबिल भागत नाही, पेटी कुठून दुरुस्त करू? त्यांचंही खोटं नव्हतं. मुलीला बाहेर क्लासला घातलंय, आम्हाला जमतं म्हणून. तिची मैत्रीण तिच्याहून चांगली गाते. ती नाही येत.

चारतार
बाकी सगळं मान्य, पण पेटी गेली हे एका अर्थी बरंच झालं. राग मानू नका. मुलांचे कान बिघडवायची सुरुवात शाळेतल्या पेटीपासूनच होते. समान अंतरांच्या पट्ट्या. तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा (सारेगममधला ग) पेटीचा गंधार १४ सेंट चढा. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीवर बंदी उगाच नव्हती घातली. शाळांना द्यायचेच असतील तर तंबोरे द्या.

पायपेटी
वाट बघत होतो, कोण पहिला बंदीचा विषय काढतो याची.

त्या बंदीच्या एकतीस वर्षांत महाराष्ट्रातली पोरं गायची थांबली का? देवळातलं भजन थांबलं? गोविंदराव टेंब्यांनी पेटीवर जे करून दाखवलं ते बेसूर होतं? भीमसेन जोशींच्या मागे अप्पा जळगावकर बसायचे, तेव्हा पंडितजींचा गंधार बिघडायचा का? शाळेत तंबोरा म्हणे! चाळीस पोरांच्या वर्गात जवारी (तारांची गुंज) कोण लावणार, तुम्ही? भोपळा जूनला फुटेल, भरपाई बाईंच्या पगारातून.

चारतार
जळगावकर कुठे आणि शाळेतली तीन रीड (आतल्या सूर देणाऱ्या पितळी जिभा) बसलेली पेटी कुठे. अप्पा गवयाच्या मागे जायचे, तुमच्या शाळेत पोरं पेटीच्या मागे जातात. फरक कळत नसेल तर सोडा.

पायपेटी
फरक कळतो. तुमच्यासारखे लोकही ओळखीचे आहेत. मला दहाव्या वर्षी एका बुवांनी "हा पेटीवरचा गळा आहे" म्हणून परत पाठवलं होतं. त्यानंतर वीस वर्षं मी चारचौघांत तोंड उघडलं नाही. चौदा सेंटांची किंमत मला शिकवू नका.

गणितमास्तर
मध्येच विचारतो. चौदा सेंट म्हणजे काय? चढा म्हणजे कशाच्या तुलनेत?

चारतार
षड्ज (सा) ते तार षड्ज (वरचा सा) १२०० सेंट धरायचे. पेटीत बारा सारखे भाग, म्हणून दर पट्टीला १००. गंधार चार पट्ट्यांवर, म्हणजे ४००. तारेतून येतो तो ५:४ या गुणोत्तराचा, तो ३८६ला पडतो. पंचम (प) ३:२, तिथे मात्र फक्त दोन सेंटांचा फरक, पेटीचा किंचित उतरा. म्हणून पंचमाबद्दल कोणी ओरडत नाही.

गणितमास्तर
थांबा. बारा सारखे भाग म्हणजे बेरजेने सारखे नव्हेत, गुणाकाराने. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीला २च्या बाराव्या मुळाने गुणून. मग चौथी पट्टी २चं घनमूळ, १.२५९९. आणि तुमचा १.२५. अच्छा! आणि सातवी १.४९८३, हवी १.५. हे पेटीत आहे?

पायपेटी
शंभर वर्षांपूर्वीपासून आहे. यावरूनच सांगलीच्या देवलांनी (नाटककार नव्हे, संगीताचे अभ्यासक) आणि क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाने श्रुतींची, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांची, वेगळी पेटी करून घेतली होती. संगीतशास्त्रकार भातखंड्यांना ती पटली नाही. तेव्हाही लोक असेच भांडले, फक्त त्यांची भाषा आपल्यापेक्षा बरी होती.

वस्तुचित्र
धागा पदांबद्दल होता. एक आठवण, बाकी काही नाही.

तिरकस
पदं गेली, पेटी गेली, आता धागाही गेला. वर्गही असेच जातात.

सातवीतली आई
चारतार, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण आमच्याकडे मुलं चौदा सेंट चढं गात नाहीयेत हो, गातच नाहीयेत.

चारतार
हे मान्य करावं लागेल. मोबाईलपेक्षा पेटी बरी. एवढंच, यापुढे नाही. आणि आता कोणी कीबोर्डचं नाव काढू नका.

पायपेटी
तारीख लिहून ठेवतो.

गणितमास्तर
मी पदाबद्दलचं मत बदललेलं नाही. एकच पद असेल तर मी आजही गणित म्हणेन, कारण वजाबाकी न येणारे ते अठरा माझ्यासमोर बसतात. पण गुणोत्तर आणि मुळं मी वीस वर्षं शिकवतोय, आणि पोरांना कानाने ऐकवता येतील असा फरक मला कोणी सांगितला नव्हता. आमच्या शाळेतही कपाटात एक पेटी आहे. तिच्यावर प्रयोगवह्या ठेवल्यात.

तासिकेवरचा, तुमचा तास मी घेतलेला नाही, पण आमच्याकडे तुमच्यासारखाच एक मुलगा येतो. त्याच्याकडून घेतलेले दोन तास त्याला परत देईन. शुक्रवारचा देणार नाही, शुक्रवारी चाचणी असते.

तासिकेवरचा
उपकार झाले. शुक्रवारचाच मागून बघायला सांगतो त्याला.

वस्तुचित्र
आणि मागून घेतलेल्या तासाला त्याचं मानधन निघतं का, तेही बघा. तास 'झाला नाही' म्हणून कापतात.

गणितमास्तर
हे मला माहीत नव्हतं. उद्या विचारतो.

सातवीतली आई
भाता बदलून देणारं कोणी माहीत असेल तर सांगा. पालक मिळून वर्गणी काढू. उंदरांचं शाळेने बघावं.

पायपेटी
भाता मी बसवून देईन. मजुरी नको, सामानाचे पैसे द्या. पण तीन रीड बसली असतील तर ती चारतारांकडून सुरात लावून घ्या, कान त्यांचे चांगले आहेत असं ते म्हणतात.

चारतार
पाठवा. गंधार मी ३८६ला लावेन.

पायपेटी
मग ती दुसऱ्या पट्टीत, म्हणजे दुसरा सा धरून, वाजवता येणार नाही.

चारतार
प्रार्थना एकाच पट्टीत असते.

पायपेटी
पुन्हा सुरू!