मदत हवी आहे: जुन्या रोडकिंगच्या ब्रेकच्या भागांना क्रोम, झिंक की पावडर? (सांगली-कुपवाड)

गावभागकर

नमस्कार मंडळी,

गाडी येझदी रोडकिंग, १९८२ ची, थोरल्या चुलत्यांची, म्हणजे अण्णांची. घर गावभागात, त्यामुळं २०१९ च्या पुरात ती हँडलपर्यंत पाण्यात होती. इंजिन तेव्हाच खोलून केलं, पण चाकांना कुणी हात लावला नाही. आता दोन्ही हब (चाकाचा मधला भाग, त्यातच ब्रेकचा ड्रम) उघडलेत. आतला वाळलेला गाळ ठोकून काढावा लागला.

सध्याची अवस्था अशी. ड्रमच्या आतल्या बिडाच्या कड्यावर गंज आहे, खोल खड्डे नाहीत. ब्रेक प्लेटा अॅल्युमिनियमच्या, त्यांवर पांढरी पूड धरलीय आणि बोटानं चाचपलं तर खरखरीत लागतात. कॅम (ब्रेकचे शू पसरवून ड्रमवर दाबणारा फिरता दांडा), त्याचा बाहेरचा आर्म, मागच्या ब्रेकचा रॉड, त्याचा अॅडजस्टर नट आणि पायातला पेडल हे सगळं तांबूस झालंय. शूच्या स्प्रिंगा पण गंजल्यात. शू नवीन टाकणारच आहे, त्याबद्दल प्रश्न नाही.

कुपवाड एमआयडीसीतला एक प्लेटिंगवाला म्हणतो, "सुटं सुटं कशाला, सगळं एका पिशवीत घालून द्या, क्रोम करून देतो." शेजारचा पावडर कोटिंगवाला प्लेटा आणि हब ब्लास्ट करून सिल्व्हर मारायला तयार आहे. दोघांचा दर परवडतो. पण ही ब्रेकची वस्तू आहे, मडगार्ड नव्हे, म्हणून इथं विचारतोय.

अण्णांचं म्हणणं एकच: म्हैसूरच्या कारखान्यातनं आली तशी दिसू दे, जास्त नटवू नको. गाडी प्रदर्शनात लावायची नाहीये. त्यांना मागं बसवून नरसोबावाडीला जाऊन यायचंय, एवढंच.

कुठल्या भागाला काय करावं? आणि स्प्रिंगा प्लेटिंगला दिल्या तर चालतात का?

---

फटफटी७८

सगळं क्रोम कर भावा. उन्हात असली चमकती की बघत राहशील. माझ्या राजदूतची केलीय.

---

लेथवाले काका, मिरज

वरच्या प्रतिसादाकडं दुर्लक्ष करा. राजदूतवाल्यानं राग मानू नये, पण आर्म चमकवणं वेगळं आणि कॅम चमकवणं वेगळं.

आधी स्प्रिंगांचं. अजिबात देऊ नका. प्लेटिंगच्या आधी गंज काढायला माल अॅसिडच्या टाकीत बुडवतात, मग करंटच्या टाकीत. दोन्हीकडं हायड्रोजन तयार होतो आणि तो कडक पोलादाच्या आत शिरतो. वरून काही कळत नाही. ताण देऊन बसवलेली स्प्रिंग मग दोन दिवसांनी, दोन आठवड्यांनी, कधीही कट्‌कन तुटते, आणि तुकडा फिरत्या ड्रममध्ये शू आणि कड्याच्या मध्ये अडकला तर चाक जाम. यावर उपाय आहे: प्लेटिंग झाल्याबरोबर, काही तासांच्या आत, माल साधारण २०० अंशाला भट्टीत बरेच तास ठेवायचा म्हणजे हायड्रोजन निघून जातो. पण किलोवर काम घेणारा तुमच्या चार स्प्रिंगांसाठी भट्टी पेटवणार आहे का? नवीन स्प्रिंगा घ्या, लई महाग नसतात.

कॅमला पण प्लेटिंग नको. त्याचा दांडा प्लेटच्या भोकात फिरतो, तिथं फट केसाएवढी. झिंक साधारण ८ ते १२ मायक्रॉन चढतं, आणि ते दोन्ही बाजूंनी, म्हणजे व्यासात दुप्पट. क्रोमच्या खालचं निकेल त्याहून जाड असू शकतं. दांडा भोकात घट्ट झाला की ब्रेक लागतो पण सुटत नाही. वर ते निकेल घासून सोललं की त्याचे कण आतच पडणार. कॅम बारीक पॉलिश पेपरनं तेल लावून साफ करा, बसवताना उष्णतेला टिकणारं ग्रीस अगदी पुसट लावा. ग्रीस जास्त झालं तर लायनरवर, म्हणजे शूच्या घासणाऱ्या पट्टीवर उतरतं, मग शू फेकायचे.

आर्म, रॉड, नट आणि पेडल साध्या पोलादाचे, ते खुशाल द्या. मी झिंक करेन. क्रोमला बारीक भेगा असतात, त्यातनं पाणी शिरलं की खालून गंज धरतो. झिंकचं उलटं, ओरखडा पडला तरी आधी ते स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. तुमचा भाग कृष्णाकाठचा, पुढचा पूर काय सांगून येणार नाही. पेडल अण्णांना चमकताच हवा असेल तर तेवढ्याला निकेल-क्रोम करा. आर्मच्या आतले दाते झाकून द्या. आणि काढायच्या आधी कॅमवर नि आर्मवर पंचनं एकेक खूण करा, नाहीतर बसवताना कोन चुकतो.

प्लेटा. पिशवीत लोखंडाबरोबर अॅल्युमिनियम घातलंत तर त्याच टाकीत जाईल आणि खाऊन बाहेर येईल. कॉस्टिक सोडा तर त्याहून वाईट. वाळूचं ब्लास्टिंग पण नको, काचेच्या मण्यांचं कमी दाबानं करणारा शोधा, मग हातानं बफिंग. पावडर मारायचीच असेल तर कॅमचं भोक, शूचा पिव्हट आणि अॅक्सलचा नट टेकतो ती जागा झाकायला लावा. पावडर ६० ते १०० मायक्रॉन असते, नटाखाली दबून चुरली की नट ढिला होतो. शिवाय जुन्या कास्टिंगच्या छिद्रात मुरलेलं तेल भट्टीत वर येतं आणि पावडरला फोड धरतात. म्हैसूरचा माल नुसता पॉलिश केलेलाच शोभतो.

जुने शू काढताना कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं. ओलं करून ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या.

---

गावभागकर

काका, फार आभार. पिशवी परत आणतो आजच. 🙏

एक राहिलं. ड्रम हलका कट मारून घ्यावा म्हणतो, हब आत्ता सुटेच आहेत. स्पोक नवीन टाकायच्या आधी लेथवर चढवू का?

---

लेथवाले काका, मिरज

नाही! बरं झालं विचारलंत. आधी स्पोक भरून रिमची बाग (वाकडेपणा) काढून घ्या. स्पोक ताणले की हब ओढला जातो आणि ड्रम कणभर वाकडा होतो. आत्ता गोल केलात तर नंतर पेडल पायाखाली धडधडेल. रिमसकट चाक बसेल असा मोठा लेथ लागतो, सगळीकडं नसतो. कट गंज जाईल एवढाच, कडं पातळ झालं की परत मिळत नाही. मग नवीन शूवर खडू फासून चाक फिरवा. खडू नुसता मधे पुसला गेला तर शू ड्रमला पूर्ण टेकत नाही, उंच भाग घासून घ्यायचा.

---

गावभागकर

स्पोकवाला सोमवारी येतो म्हणालाय. रिमसकट चाक बसणारा लेथ तुमच्याकडं आहे का? नसेल तर मिरज-कुपवाडात कुठं आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मण्यांचं ब्लास्टिंग करणारं सांगलीत कुणाला माहीत असेल तर तेही सांगा, नाहीतर कोल्हापूरला शिरोलीत विचारतो.