लासालच्या हुसारांनी श्टेटिनचा किल्ला तोफांवाचून कसा घेतला?

प्रश्न – गिरगावचा वाचक
एशियाटिकच्या ग्रंथालयात नेपोलियनच्या घोडदळाविषयी वाचताना आंत्वान लासालपाशी मी अडलो. मेट्झ येथे १७७५ साली जन्मलेला हा अधिकारी इटली व इजिप्तच्या मोहिमांतून वर आला, हे ध्यानात आले. मात्र ऑक्टोबर १८०६ मध्ये हजाराहूनही कमी हुसार, म्हणजे हलक्या घोडदळाच्या, स्वारांनिशी त्याने ओडर नदीकाठचे प्रशियाचे श्टेटिन ताब्यात घेतले, हे उलगडत नाही. आत पाच हजारांवर शिबंदी आणि शंभराहून अधिक तोफा होत्या. घोडेस्वार तट चढू शकत नाहीत; मग किल्लेदाराने दरवाजे का उघडले?

उत्तर – दादरहून
याचे कारण श्टेटिनच्या तटाशी नव्हे, आधीच्या दोन आठवड्यांत शोधावे. १४ ऑक्टोबरला येना आणि आउअरश्टेट येथे प्रशियाची सेना मोडली, आणि फ्रेंचांनी तिला पुन्हा जमू न देता नेपोलियनचा सेनानी म्यूरा याच्या घोडदळाकरवी सतत पाठलाग केला. २८ तारखेला प्रेन्झ्लाउ येथे प्रशियाचा सेनापती होहेनलोहे सुमारे दहा हजार सैनिकांसह शरण गेला. दुसऱ्याच दिवशी लासाल श्टेटिनच्या वेशीवर होता. वृद्ध किल्लेदार रोम्बर्गने पहिली मागणी धुडकावली. पण मोठे सैन्य मागोमाग येत असून शहराची राखरांगोळी होईल, असे लासालने धमकावताच त्याचा धीर सुटला आणि रात्रीतून शरणागती ठरली. पुढे प्रशियाच्या लष्करी न्यायालयाने रोम्बर्गला दोषी ठरवले, आणि मला ते रास्त वाटते.

कुमक येणार नाही अशी खात्री पटल्यावर किल्लेदार कसा खचतो, हे आपण १८१८ साली सह्याद्रीत पाहिले आहे. फरक एवढाच की इंग्रजांकडे वेढ्याच्या तोफा होत्या.

उत्तर – मुलुंडहून
वरील विवेचन मान्य आहे, परंतु लासालला केवळ धाडसी स्वार समजणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल. पाचव्या आणि सातव्या हुसार पलटणींच्या त्याच्या ब्रिगेडला ‘नरकाची ब्रिगेड’ म्हणत. हीच माणसे २६ डिसेंबर १८०६ रोजी गोलिमिन येथे रशियन तोफांसमोरून घाबरून पळाली. लासालने त्यांना गाठून परत आणले, तोफांच्या माऱ्यात रांगेने निश्चल उभे केले आणि तो स्वतः त्यांच्यापुढे उभा राहिला. ही शिक्षा कठोर होती, पण तिच्यात त्याने स्वतःला वगळले नाही. माझ्या मते त्याचे खरे नेतृत्व श्टेटिनपेक्षा येथे दिसते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पाठलागाचा मुद्दा माझ्या वाचनातून निसटला होता. गोलिमिननंतर त्याचे काय झाले?

उत्तर – मुलुंडहून
स्पेनमध्ये १८०८ साली मेदिना दे रिओसेको आणि मार्च १८०९ मध्ये मेदेयिन येथे त्याच्या घोडदळाने निर्णायक हल्ले चढवले. लगेच त्याला ऑस्ट्रियाच्या आघाडीवर बोलावून घेण्यात आले. तिशी ओलांडूनही जो हुसार जिवंत राहतो तो कुचकामी, असे उद्गार त्याच्या नावावर सांगितले जातात; ६ जुलै १८०९ रोजी वाग्रामच्या लढाईत हल्ल्याचे नेतृत्व करताना कपाळावर गोळी लागून तो पडला, तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.