टाईम टर्नर होतं तर सेड्रिकला का नाही वाचवलं? (हॅरी पॉटरच्या जादूवर जरा भांडूया)

रामबागची आत्या
भाच्याला सुट्टीत हॅरी पॉटर वाचून दाखवतेय, परवा चौथा भाग संपला. इतके दिवस स्वारी खुशीत होती, चायनीजच्या गाडीवरून मागून आणलेल्या चॉपस्टिकवर ग्लू गनचे ओघळ सोडून वरून चॉकलेटी रंग मारून छडी केलीय त्यानं, ती हातात धरूनच पोहे खातो. सेड्रिक, म्हणजे हॅरीच्या शाळेतला मोठा मुलगा, मेला तिथं त्यानं छडी खाली ठेवली आणि म्हणाला, आत्या, मागच्या भागात हॅरीच्या मैत्रिणीकडे, हर्मायनीकडे, ते काळात मागं नेणारं टाईम टर्नर होतं ना, मग मागं जाऊन वाचवा की त्याला. मी गप्प.

मी स्वतः कॉलेजात असताना सातही भाग फडशा पाडल्यासारखे वाचलेत, तेव्हा हा प्रश्न पडला नव्हता हे कबूल. पण आता मोठ्यानं वाचताना वाटतं की ह्यातली जादू म्हणजे अडलं की काढलेला जुगाड आहे. आपल्याकडे बघा, कच एवढा मरून जिवंत होऊन संजीवनी शिकला तर देवयानीचा शाप, की तुला ही विद्या फळणार नाही, त्यावर कच म्हणतो मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. कर्णाला ऐन वेळी मंत्रच आठवत नाही. म्हणजे विद्येची किंमत मोजावी लागते. इथं छडी हलवली, दोन लॅटिनछाप शब्द म्हटले, झालं काम. बोला आता.

सराफ्यात रात्री दोनला
आत्या, तिसरा भाग परत वाचा. त्यात कोणी काही बदलतच नाही! बकबीक नावाच्या पंखवाल्या प्राण्याला मारल्याचा जो आवाज पोरांना ऐकू येतो ना, कुऱ्हाडीचा, ती कुऱ्हाड चिडलेल्या जल्लादानं कुंपणावर हाणलेली असते (पिक्चरमध्ये भोपळ्यावर). बकबीक मेलाच नव्हता, आपण तसं समजलो होतो. तळ्याकाठी हॅरीला वाचवणारा पण हॅरीच असतो, पहिल्यापासून. म्हणजे मागं गेलात तरी जे झालंय तेच होणार. सेड्रिकचं प्रेत हॅरीनं स्वतःच्या हातानं परत आणलंय, सगळ्या शाळेनं पाहिलंय, आता मागं जाऊन काय करणार भिया?

रामबागची आत्या
हे कुंपणाचं मी खरंच विसरले होते, मानलं. पण मग जादूच्या मंत्रालयानं टाईम टर्नरचा साठा ठेवलाय कशाला, शाळेतल्या पोरीला एकाच वेळी दोन तासांना बसता यावं म्हणून? आणि मग पाचव्या भागात मारामारीत तो साठाच फोडून टाकला, सहाव्यात हर्मायनी सांगते की सगळे फुटले. हे म्हणजे पोरं अवघड प्रश्न विचारायला लागली की मास्तरांनी फळा पुसायचा.

अर्धी इंदूरची
किंमत नाही असं कसं म्हणता? पॅट्रोनस, म्हणजे रक्षण करणारी चंदेरी आकृती, काढायचा तर सगळ्यात आनंदाची आठवण मनात धरावी लागते, तेही समोर डिमेंटर उभा असताना, जो नेमका आनंदच शोषून घेतो. पाचव्या भागात हॅरीचा धर्मपिता सिरियस गेल्यावर हॅरी रागाच्या भरात त्याला मारणाऱ्या बेलाट्रिक्सवर यातनेचा शाप टाकतो तर तो नीट लागतच नाही, कारण नुसता राग पुरत नाही, दुसऱ्याला दुखवण्यात मजा वाटावी लागते. आणि हॉरक्रक्स, म्हणजे मरू नये म्हणून आत्म्याचा तुकडा लपवायची वस्तू, करायचा तर खून करावा लागतो, आत्मा फाटतो. ह्यापेक्षा काय किंमत हवी?

आणि ते शब्द नुसते म्हणून होत नाही हो. हॅरीचा मित्र रॉन पंख उडवायला बघतो आणि हर्मायनी त्याचा उच्चार सुधारते तो सीन वाचला की मला आमची आजी आठवते, लोकमान्यनगरच्या घरात संध्याकाळी दिवा लावून रामरक्षा म्हणून घ्यायची, एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की परत पहिल्यापासून. आम्हाला तेव्हा खरंच वाटायचं की चुकीचं म्हटलं तर रक्षा लागू पडणार नाही.

जुना चांदोबावाला
तुमचं ते इंग्लिश कौतुक चालू द्या. आम्ही चांदोबातल्या वेताळावर वाढलो, दर महिन्याला तोच राजा, तेच प्रेत, आणि नियम एकच, राजा बोलला की वेताळ परत झाडावर. एका ओळीत समजतो, सात भाग लागत नाहीत.

सराफ्यात रात्री दोनला
काका, पण उत्तर माहीत असून बोलला नाही तर डोक्याची शंभर शकलं, तो पण नियमच ना, म्हणजे दोन झाले 😄

पोळ्या कोण लाटतं
मी आपली स्वयंपाकघरातून बोलते. सातव्या भागात तिघं तंबूत उपाशी बसलेले असतात, रॉन कुरकुरतो की माझी आई हवेतून जेवण काढते, तेव्हा हर्मायनी सांगते की नाही, गॅम्पचा नियम आहे, शून्यातून अन्न तयार होत नाही. कुठंय ते माहीत असेल तर बोलावता येतं, असलेलं बदलता येतं, वाढवता येतं, बस. हा एक नियम मला सगळ्या मालिकेत खरा वाटला. कारण मग चौथ्या भागातलं कळतं, की शाळेतल्या त्या मोठ्या मेजवान्या, सोन्याच्या ताटात आपोआप आलेलं जेवण, ते खाली तळघरात शंभराच्या वर एल्फ, म्हणजे बुटके जादूई नोकर, रांधत असतात. बिनपगारी. वर पोरं टाळ्या वाजवतायत. म्हणजे जादूच्या शाळेत पण पोळ्या कोणीतरी लाटतंच! हर्मायनी त्यांच्या हक्कांसाठी बॅज विकते तर सगळे तिलाच हसतात, आणि मला राग ह्याचा येतो की लेखिका पण हसणाऱ्यांच्याच बाजूनं उभी असल्यासारखी वाटते.

रामबागची आत्या
ताई बॅजचं शंभर टक्के. पण नियमावर एक सांगते, चौथ्या भागात रॉनची आई मिसेस वीझली छडीच्या टोकातून सॉस ओतते भांड्यात, तुमचा गॅम्पचा नियम सातव्यात आला. तीन भाग मागून. मी जुगाड म्हणते ते हेच.

पोळ्या कोण लाटतं
सॉस दुसऱ्या भांड्यातून बोलावला असेल. आम्ही नाही का वरणात पाणी घालून वाढवत, पाहुणे आले की.

काठावरची
मजा चाललीय पण एक गोष्ट मला आजही खटकते. तिसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच हॅरीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की मध्ययुगात खऱ्या चेटकिणींना जाळून काही होतच नसे, त्या आग गार करणारा मंत्र म्हणून वर ओरडायचं नाटक करायच्या, आणि वेंडेलिन नावाची एक बाई तर गुदगुल्या होतात म्हणून वेश बदलून ४७ वेळा पकडली गेली. वाचताना हसू येतं, मलाही आलं. पण युरोपात चेटकीण म्हणून हजारो बायका खरंच जाळल्या, फासावर दिल्या, आणि आपल्या मध्यप्रदेशात, बाजूच्या छत्तीसगडमध्ये डाकण ठरवून म्हाताऱ्या विधवांना आजही मारहाण होते, बहुतेक वेळा मागं जमिनीचं भांडण असतं. त्यांच्यापाशी कुठला मंत्र होता? पुस्तक बंद करा असं म्हणत नाहीये, पण ते पान मुलांना वाचून दाखवताना मी थांबते.

अर्धी इंदूरची
हे मी कधी असं वाचलंच नव्हतं. तरी एवढं म्हणेन की हॅरीचे मावशी-काका ज्या घृणेनं जादूबद्दल बोलतात, शेजारी काय म्हणतील म्हणून पोराला जिन्याखालच्या कपाटात झोपवतात, तिथं पुस्तक वेगळ्यांच्याच बाजूनं आहे. पण हो, ४७ वालं पान... जाऊ दे, ह्यावर माझ्यापाशी उत्तर नाही.

जुना चांदोबावाला
अलबत्या गलबत्यातली चेटकीण बघून आमची पोरं टाळ्या पिटायची, तेव्हा हा विचार नाही आला. काठावरच्या बाईंचं म्हणणं बरोबर आहे. (सात भाग मात्र मी वाचणार नाही, मराठी अनुवादाचं नाव 'हॅरी पॉटर आणि परीस' आहे तेवढं छान आहे.)

रामबागची आत्या
अपडेट. सकाळी भाच्याला कुंपणाचं समजावलं, की बकबीक मेलाच नव्हता, आपल्याला फक्त आवाज आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, जिलबी संपवली, चिकट बोटं चड्डीला पुसली आणि म्हणतो, मग सेड्रिकचं पण तसंच. ते प्रेत सेड्रिकचं नव्हतंच, दुसऱ्याचं रूप देणारं पॉलीज्यूस प्यायलेलं दुसरं कोणीतरी होतं. मी म्हटलं अरे एका तासात उतरतं ते, चेहरा बदलला असता. तर म्हणे, ह्याच भागात क्राउचची आई तुरुंगात मुलाच्या रूपात मेली, तिला तशीच पुरली ना? मेल्यावर उतरत नाही.

छडी परत हातात आलीय. सराफावाले भिया, आता ह्याला तुम्हीच उत्तर द्या.