गणपतीला गावी जाताना: खासदारांना पत्र, सोन्याबद्दल

प्रेषक: नीलिमा
परदेशातून गणपतीला कोकणात जाणारे आपले आठजण काँगोतल्या संघर्ष-खनिजांबद्दल (ज्यांच्या विक्रीवर सशस्त्र टोळ्या पोसल्या जातात) खासदारांना पत्र देणार आहेत. चार पानांचा मसुदा जोडलाय. कोल्टन, कथील, टंगस्टन, सोनं सगळं घेतलंय. आमदारांनाही प्रत द्यायची का?

प्रेषक: विनायक
नीलिमाताई, माहिती चोख आहे, पण यातून संसदेत प्रश्न निघणार नाही. लोकसभेतला प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो आणि विषय आपल्या सरकारच्या अखत्यारीतला लागतो. ‘काँगोतल्या रुबायाच्या कोल्टन-खाणी एम-२३ बंडखोरांच्या ताब्यात का?’ हा सचिवालयातच बाद होईल. ‘आयात सोन्याचा उगम कोण तपासतं?’ हा चालेल.

म्हणून चारातलं सोनंच धरा. कोल्टनमधला टँटलम आपल्याकडे फोनच्या आत कपॅसिटर होऊन येतो, त्याचा माग काढणं कठीण. सोनं थेट सापडतं. यूएईबरोबरचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्यात सवलतीच्या शुल्काने येणाऱ्या सोन्याचा कोटा पहिल्या वर्षी १२० टन, पुढे वाढत २०० टनांपर्यंत. यूएईत सोन्याच्या नाव घेण्याजोग्या खाणी नाहीत. आफ्रिकेतलं सोनं दुबईत एकदा वितळलं की त्याचा जन्मदाखलाही त्याच मुशीत जातो.

सराफाकडचा हॉलमार्कचा दागिना भिंगाखाली धरा: बीआयएसचा त्रिकोण, शुद्धतेचा आकडा २२के९१६, आणि सहा अंक-अक्षरांचा ओळख-क्रमांक, एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. त्यावरून शुद्धता कळते, सराफ कळतो, तपासणी केंद्र कळतं. खाण मात्र कळत नाही. पत्र इथून सुरू करा. काँगो दुसऱ्या परिच्छेदात.

प्रश्न तयारच करून द्या, म्हणजे स्वीय सहायकाला फक्त टाइप करायचं राहतं: ‘वाणिज्य मंत्री सांगतील काय, (क) गेल्या तीन वर्षांत यूएईतून सवलतीच्या शुल्काने वर्षनिहाय किती सोनं आलं, (ख) ते मूळ कोणत्या देशातल्या खाणीतलं हे तपासलं जातं का, कोणत्या कागदांवरून, (ग) ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेची उगम-तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं रिफायनऱ्यांना बंधनकारक करण्याचा विचार आहे का, नसल्यास कारणं काय?’

तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तराच्या, प्रश्नाचा हट्ट नको. दिवसाला २० च, तेही चिठ्ठीत नंबर लागला तर, आणि त्यातलेही थोडेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. अतारांकित २३० असतात, उत्तर लेखी मिळतं, आपल्याला आकडेच हवेत. प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. हिवाळी अधिवेशन बहुधा नोव्हेंबरअखेर बसतं, तेव्हा पत्र गणपतीत आणि आठवणीचा फोन दिवाळीच्या आधी.

आमदारांना प्रत नको. आयात केंद्राचा विषय. ते एक शिफारसपत्र देतील आणि आपण काम झालं समजून बसू. गावच्या गाऱ्हाण्यात दहा मागण्या एका दमात घातल्या तरी शेवटी ‘होय महाराजा’ होतं. इथे एकच मागायची.

प्रेषक: अस्मिता
विनायकदादा, एक घोळ नेहमी होतो. गुहागर आणि दापोली जिल्ह्याने रत्नागिरीत, पण लोकसभेला रायगडमध्ये. तिथल्यांनी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कार्यालयात पत्र दिलं तर ‘आमचे मतदार नाहीत’ म्हणून बाजूला पडतं. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्यांनी मात्र तिथेच द्यावं.

सह्यांमध्ये पहिली सही गावच्या मतदाराची हवी, मतदार ओळखपत्राच्या क्रमांकासह. ओसीआय कार्डवाल्यांना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना) भारतात मत नाही, त्यांनी खाली सही करावी. भारतीय पासपोर्टवाल्यांना फॉर्म ६ए भरून मतदारयादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर जावं लागतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

आपल्यातल्या अमेरिकन नागरिकांनी स्वतःच्या प्रतिनिधीलाही लिहावं, पण मागणी वेगळी. तिकडे कंपन्यांना संघर्ष-खनिजांचा उगम जाहीर करायला लावणारं २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याचं कलम १५०२ आहेच. काँगो आणि शेजारचे नऊ देश त्यात येतात, आणि लागू असलेल्या कंपन्यांना दरवर्षी ३१ मेपर्यंत त्याचा अहवाल, फॉर्म एसडी, भरावा लागतो. मागायची ती अंमलबजावणी. कागदी पत्र वॉशिंग्टनला पाठवू नका, २००१ च्या अँथ्रॅक्सच्या विषारी पत्रांनंतर टपाल तपासणीत अडकतं. संकेतस्थळावरचा फॉर्म भरा आणि मतदारसंघातल्या कार्यालयात फोन करून व्यापाराचा विषय कोण पाहतं ते विचारा.

प्रेषक: नीलिमा
मसुदा एका पानावर आणला. गुहागरचे तिघे रायगडच्या यादीत टाकलेत. कुडाळच्या पत्रावर पहिली सही कोणाची, तेवढं आज रात्री कळवा. छपाई इथेच करून नेते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात उभं राहायला जागा नसते.