'उतारा' नेमका कोणता? चेटूक, विषारी वनस्पती आणि एक अडलेलं वाक्य

अनुवादिनी:
मंडळी, एका वाक्यावर अडले आहे. हल्लीच्या काळात चेटूक-साधना करणाऱ्यांसाठी लिहिलेला एक मजकूर मराठीत आणतेय. बेलाडोना, खुरासानी ओवा, मँड्रेक, बचनाग अशा युरोपातल्या चेटकिणींच्या नावाशी जोडलेल्या वनस्पती जवळ ठेवायच्या तर काय पथ्यं पाळायची, हा विषय. मजकूर जबाबदारीने लिहिलाय: पोटात घ्यायचं नाही, जाळायचं नाही, हातमोजे घालायचे, विधीत नुसतं चित्र मांडलं तरी भागतं. बचनागाच्या भागात मी लिहिलं, "या विषावर उतारा नाही." मुद्रितं तपासणाऱ्या मैत्रिणीने समासात विचारलं, "म्हणजे तिठ्यावर ठेवायचा तो ना?" तिने थट्टा केली, पण चेटकाच्या पुस्तकात 'उतारा' वाचल्यावर दुसरं काही कुणाच्या डोक्यात येईल का? काय लिहू?

हट्टी_वैयाकरण:
प्रतिविष. विषय संपला.

खलबत्ता:
इतक्यात नाही संपत, राव. अमरकोश उघडा. 'प्रतिविषा' हे अतिविषाचं नाव दिलंय. आणि अतिविष हे बचनागाच्याच प्रजातीतलं झाड! नावात 'अति' असूनही बचनागासारखं जहाल नाही, ती गंमत वेगळीच. तुमचं वाक्य वाचून एखादे वैद्यबुवा म्हणतील, बचनागाला अतिविष चालत नाही, तर मग काय चालतं?

हट्टी_वैयाकरण:
ती स्त्रीलिंगी प्रतिविषा, हे नपुंसकलिंगी प्रतिविष. लिंगाकडे दुर्लक्ष केलं की असे विनोद सुचतात.

शब्दवेडा:
ताई, 'उतारा'च ठेवा. विष चढतं, म्हणून ते उतरतं. उतरवतो तो उतारा. 'विंचू उतरवणे' आपण म्हणतोच. ओवाळून टाकतात तो उतारासुद्धा काहीतरी अंगावरून उतरवण्यासाठीच असतो. माझ्या मते हे दोन अर्थ नाहीतच, एकच आहे. पुस्तकातला उतारा तेवढा वेगळा, तो उतरवून 'घेतलेला'.

गवती_चहा:
अगदी! 'बाधा'चंही तेच. विषबाधा आणि भूतबाधा. अंगात 'भिनतं' ते विष आणि अंगात 'येतं' ते भूत, एवढाच फरक. बेलाडोना-धोतऱ्याच्या कुळातली विषबाधा दिसतेही तशीच: तोंड कोरडं, चेहरा लालबुंद, बाहुल्या मोठ्या, हवेतल्या वस्तू पकडायला हात पुढे, समोर नसलेल्या माणसाशी गप्पा. बघणारा 'झपाटलंय' म्हणाला तर त्याला दोष कसा द्यायचा?

माझ्या भाच्याची गोष्ट सांगते. त्याने बागेतलं धोतऱ्याचं झुडूप छाटलं आणि घाम पुसताना डोळा चोळला. संध्याकाळी आरशात बघतो तर उजवी बाहुली टपोरी, डावी नेहमीसारखी, आणि उजव्या डोळ्याने जवळचं वाचता येईना. घरात रडारड, मेंदूचं काहीतरी झालं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांवर बॅटरी मारली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आज कुठलं झाड कापलंत?" डोळे तपासताना बाहुली मोठी करायला जे अ‍ॅट्रोपिन वापरत आले, तेच त्या रसात असतं. हातमोज्यांचं वाक्य ठळक अक्षरात छापा, बाई. आणि 'डोळ्यांना हात लावू नये' हेही घाला, नसेल तर.

अनुवादिनी:
आहे ते. धन्यवाद. त्याच पानावर माझं आणखी एक वाक्य आहे: "बेलाडोनाचा प्रयोग जपून करावा." मुळात 'खायला' असं कुठेच नाही.

खलबत्ता:
ताई, हे वाक्य आजच्या आज बदला. उतारा राहिला बाजूला, धोका इथे आहे. वैद्यकात 'प्रयोग' म्हणजे औषध देणं. आणि मंत्रतंत्रात म्हणजे जारण-मारण. दोन्हीकडून घोटाळा. त्यात 'जपून' म्हटलं की वाचणारा समजतो, थोडं चालत असावं. पण 'थोडं' म्हणजे किती? एकाच झाडाच्या दोन पानांत विषाचं प्रमाण सारखं नसतं. 'हाताळावी' लिहा, 'बाळगावी' लिहा.

मीठमिरची:
प्रमाणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या युरोपातल्या वैद्याने मांडलं की सगळ्याच वस्तू विष आहेत, फरक करते ती मात्रा. मराठीने 'मात्रा'त औषध आणि प्रमाण दोन्ही बसवलंय, शिवाय 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' हेही. म्हणून माझा पर्याय: "बचनागापुढे कुणाची मात्रा चालत नाही."

हट्टी_वैयाकरण:
हे इशाऱ्याचं वाक्य आहे की तमाशातलं?

मीठमिरची:
तमाशातलं लोकांच्या लक्षात तरी राहतं. तुमचं प्रतिविष शब्दकोशातच वाळतं.

शब्दवेडा:
चेटकिणी उडण्यासाठी अंगाला लावत म्हणतात, ते 'मलम' केलंत का? 'लेप' करा. आपल्याकडच्या आठ सिद्धींच्या एका यादीत 'पादलेप' आहेच: पायाला लेप लावला की हवं तिथे जाता येतं. 'अंजन'ही आहे त्यात.

खलबत्ता:
शब्द गोड आहे, पण लेप वाळतो आणि मलम मुरतं. देल्ला पोर्ता या इटालियन विद्वानाने 1558 मध्ये अशा मलमांबद्दल लिहिलं, त्यात चरबी आहे. ही द्रव्यं कातडीतून आत जातात; प्रवासात मळमळू नये म्हणून कानामागे लावायची स्कोपोलामिनची (याच कुळातल्या झाडांत असतं ते) पट्टी त्याच तत्त्वावर चालते. पट्टीतून किती जाणार ते ठरलेलं असतं, घरी घोटलेल्या मलमाचं काहीच ठरलेलं नसतं. उडाल्याचा भास होऊन पडून राहिलेले सगळेच सकाळी उठले असतील असं नाही.

गवती_चहा:
'खुरासानी ओवा' नावाचीही मला भीती वाटते. 'ओवा' दिसला की माणूस चिमूटभर तोंडात टाकतो. 'हेनबेन' या इंग्रजी नावाचा अर्थ 'कोंबड्यांचा काळ' असा आहे ना? मग सरळ 'कोंबडमारी' म्हणावं. ग्लिरिसिडियाला 'उंदीरमारी' म्हणतातच, 'किडामारी'ही आहे. त्याच चालीवर युरोपातल्या बचनागाला 'लांडगेमारी'.

हट्टी_वैयाकरण:
आजवर विरोध केला, याला नाही करणार. 'मारी' अस्सल आहे. पण रूढ नाव कंसात द्या, नाहीतर विष पोटात गेल्यावर डॉक्टरांना 'कोंबडमारी' सांगून काय कळणार?

मीठमिरची:
आणि 'कळलावी'? तीही विषारीच. घरात ठेवली की भांडणं लागतात म्हणून ते नाव, कळलाव्या नारदासारखं.

शब्दवेडा:
छे हो. कळा आणणारी ती कळलावी, प्रसूतीच्या कळा.

मीठमिरची:
आमच्याकडे भांडणाचंच सांगतात.

शब्दवेडा:
आणि धोतऱ्याचं नाव धोतरावरून पडलं, असंही सांगत असतील.

हट्टी_वैयाकरण:
धत्तूर. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसचं 'दातुरा'ही तिथूनच गेलं. अमरकोशात त्याच्या शेजारी 'उन्मत्त', 'कितव', 'धूर्त' बसलेत: एक वेडा, एक जुगारी, एक लबाड. विषारी झाडाला इशाऱ्याचं नाव द्यायचं तर असं द्यावं.

अनुवादिनी:
तुम्ही सगळे थोर आहात, पण माझं वाक्य अजून तिथेच आहे. शेवटी असं केलंय: "बचनागाच्या विषावर खास असं औषध नाही. ओठ-जीभ बधिर होऊन मुंग्या येऊ लागल्या तर घरगुती उपाय करत बसू नये. हृदयाचे ठोके बिघडतात. त्यावर उपचार इस्पितळातच होतात." चालेल?

खलबत्ता:
दुसरं-तिसरं वाक्य उत्तम. पहिल्यात 'औषध' नको. उंदराचं औषध, ढेकणाचं औषध, पिकावर मारायचं औषध, हे सगळं आपल्या बोलण्यात विषच असतं.

हट्टी_वैयाकरण:
म्हणूनच मी पहिल्याच ओळीत 'प्रतिविष' म्हणालो होतो.

शब्दवेडा:
आणि मी 'उतारा'. 'वैद्यकीय उतारा' लिहा की.

मीठमिरची:
वैद्यकीय उतारा म्हणजे डॉक्टरांच्या पुस्तकातला परिच्छेद वाटतो.

गवती_चहा:
एक शंका: 'उंदराचं औषध' म्हणतो, पण 'झुरळाचा खडू'. खडूला औषध का म्हणत नाही?