तुळजापूर : घरी घट बसतात, मग दर्शनाला जायचं कधी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं कुलदैवत तुळजाभवानी, राहायला पुण्यात. दिराचं लग्न मे मधे झालं, जोडीचं दर्शन आणि ओटी अजून राहिलीय. सासूबाईंचं म्हणणं नवरात्रातच जाऊ, तेव्हाची मजाच वेगळी, संबळ वाजतोय, आराधी म्हणजे देवीचे भक्त परडी घेऊन बसलेत, गावोगावची मंडळं ज्योत पेटवून पळत निघालीत वगैरे वगैरे. सगळं पटतं हो, पण आमच्याकडे घट असतात, अखंड दिवा असतो आणि घट बसले की घराला कुलूप लावायचं नाही हा नियमही त्यांचाच!

बरं आधी जावं तर भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवी घोर निद्रेत, मूर्ती सिंहासनावरून पलंगावर. घटस्थापनेला उठते. दसऱ्याला पहाटे सीमोल्लंघन झालं की परत पलंगावर, श्रमनिद्रा, ती थेट अश्विन पौर्णिमेपर्यंत. म्हणजे इकडून झोप तिकडून झोप आणि मधे आमचे घट. निद्रेत ओटी भरलेली चालते का? की सरळ कोजागिरीला जावं? सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि तिथे पायऱ्या उतरून खाली जावं लागतं हेही लक्षात घ्या प्लीज.

प्रतिसाद : सोलापूरकर आहे म्हणून सांगतो, कोजागिरीला म्हाताऱ्या माणसाला अजिबात आणू नका. आमच्याकडून आणि कर्नाटकातून लोक चालत जातात, सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटरचा रस्ता नुसता माणसांनी भरलेला, गाड्या दुसरीकडून वळवतात. निद्रेत दर्शन बंद नसतं, पण नेहमीचे अभिषेक होत नाहीत. ओटीचं तुमच्या पुजाऱ्यांना फोन करून विचारा, प्रत्येक घराण्याचे ठरलेले असतात. मी तर म्हणेन पौर्णिमा होऊन गर्दी ओसरू द्या, मग मंगळवार, शुक्रवार आणि रविवार सोडून या. गोंधळ घालायचा असेल तर तोही तेव्हा निवांत होतो, नवरात्रात कोण कुणाचा गोंधळ ऐकतंय तेच कळत नाही.

प्रतिसाद : पण नवरात्रात मूर्तीला वेगवेगळ्या रूपांत सजवतात ती अलंकार पूजा हुकते ना मग! अष्टमीची महिषासुरमर्दिनी एकदा तरी बघाच. दिव्यापाशी कुणीतरी एक घरी थांबलं की झालं, आमच्याकडे जावा जावा पाळी लावतो. घर बंद नको एवढाच नियम आहे, सगळ्यांनी डांबून घ्यायचं असं कुठे आहे.

धागाकर्ती : दोघांचेही आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणे दिव्यापाशी मी बसते, पण मग नव्या सुनेला ओटी कशी भरायची ते दाखवणार कोण? थोडक्यात पौर्णिमेनंतरच जाणार असं दिसतंय. आता एवढंच सांगा, गुडघेदुखीवाल्यांना पायऱ्या टाळून आत जायची काही सोय आहे का आणि ती नेमकी कुठल्या दरवाजाने?