प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षा यादीत नाव आहे. नोकरीसाठी पुण्याला जावे का?

केजकर : माझे वय 24 असून मी बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात राहतो. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे आठवड्यातून तीनदा अंबाजोगाईला डायलिसिससाठी जातो. माझा रक्तगट ओ आणि आईचा ए आहे. वडिलांना जुना मधुमेह असल्याने त्यांचे मूत्रपिंड घेता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे (मेंदूमृत दात्यांचे अवयव रुग्णांना वाटून देणारी संस्था) नाव नोंदवले आहे. आता पुण्यात लेखा विभागात नोकरी मिळत आहे, परंतु बोलावणे आले तेव्हा मी दूर असेन, या भीतीने घरचे जाऊ देत नाहीत. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पूर्णाकाठ : माझे प्रत्यारोपण संभाजीनगरलाच झाले, मी परभणीचा. केजहून संभाजीनगर आणि पुण्याहून संभाजीनगर, या दोन प्रवासांच्या वेळेत फार मोठा फरक नाही, हे घरच्यांना आधी समजावून सांगा. दात्याच्या मेंदूमृत्यूची तपासणी किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते, त्यानंतर त्याच्या नातेवाइकांची संमती आणि दाता रुग्णाशी जुळतो का हे पाहणारी रक्ताची क्रॉसमॅच चाचणी होते. त्यामुळे निरोप मिळाल्यावर निघायला बहुधा पुरेसा अवधी असतो. एका मूत्रपिंडासाठी एकाहून अधिक रुग्णांना बोलावतात, हेही लक्षात ठेवा. मला पहिल्यांदा बोलावले तेव्हा चाचणी जुळली नाही आणि रिकाम्या हाताने परतावे लागले. आईला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो धक्का तुमच्यापेक्षा त्यांना जास्त बसेल.

समाजसेवा_लातूर : मी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते. आपली नोंद एका वेळी एकाच रुग्णालयातून राहते, म्हणून ती पुण्याला हलवायची की संभाजीनगरलाच ठेवायची, हे दोन्हीकडच्या समन्वयकांकडून लेखी विचारून घ्यावे. यादीतला क्रम ठरवण्यासाठी गुण देताना डायलिसिसवर गेलेला काळ धरला जातो. तेव्हा पहिल्या डायलिसिसची कागदपत्रे जपून ठेवा आणि फोन क्रमांक बदलल्यास त्याच दिवशी कळवा. 2011 च्या कायदादुरुस्तीने दोन कुटुंबांतील दात्यांची अदलाबदलही मान्य केली आहे; मात्र ओ गटाच्या रुग्णाला ओ गटाचेच मूत्रपिंड लागते आणि असा दाता सहसा आपल्याच माणसाला थेट देऊ शकतो, म्हणून तुमच्यासाठी ती वाट अरुंद आहे. तरीही आईचे नाव त्यासाठी द्यावे.

नोकरीबाबत माझे मत अनुकूल आहे. प्रत्यारोपणानंतर शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. शस्त्रक्रियेसाठी सरकारी योजना आणि देणगीदार मिळतात, पण औषधांच्या मासिक बिलासाठी मदत मिळवणे त्याहून अवघड जाते. अनेक कंपन्यांच्या सामूहिक विम्यात आधीचे आजारही धरले जातात. नेमणूकपत्र स्वीकारण्यापूर्वी हे विचारा आणि आजार लपवू नका, कारण आठवड्यातून तीनदा सुमारे चार तास गैरहजर राहण्याचे कारण फार दिवस झाकता येत नाही.

डायलिसिस_तंत्रज्ञ : पुण्यात खोली पाहण्याआधी डायलिसिसची जागा पक्की करा, संध्याकाळची पाळी मिळाली तरच नोकरी निभेल. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हातावर रक्तदाब मोजू देऊ नका आणि डायलिसिसखेरीज सुईही टोचू देऊ नका. हिमोग्लोबिन उतरले की कोणी घाईने रक्त चढवायला निघाले, तर आपण प्रतीक्षा यादीत आहोत हे आधी सांगा. चढवलेल्या रक्तामुळे शरीरात प्रतिपिंडे (परक्या पेशींविरुद्ध लढणारी प्रथिने) तयार होऊ शकतात आणि पुढे दाता जुळणे कठीण होते. हिमोग्लोबिन वाढवण्यासाठी एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन असते. आपल्याकडे आजारी माणसाला शहाळे पाजण्याची प्रेमळ खोड आहे (उन्हाळ्यात तर विचारूच नका), पण त्यातील पोटॅशियम तुमच्या हृदयाला घातक ठरू शकते. तहान आवरायची असेल तर पाण्याच्या आधी ठेचा आणि लोणचे कमी करा.

केजकर : सर्वांचा आभारी आहे. संध्याकाळच्या पाळीचा विचार मी केलाच नव्हता. उद्या समन्वयक ताईंना फोन करतो आणि कंपनीला विम्याबद्दल विचारतो. आईला पूर्णाकाठ दादांशी एकदा बोलायचे आहे. हरकत नसल्यास खासगी निरोपातून वेळ कळवावी.